शेवटच्या रांगेतली सहल

४ जानेवारी

ताई,

मिळालं. कायमचं नाही, पण मिळालं. इतके दिवस एकेका दिवसाच्या लहान सहली केल्या, आज मॅनेजरांनी ऑफिसात बोलावून सांगितलं की या महिन्यातली तीर्थस्थळांची मोठी सहल माझ्याकडे. स्तूप, विहार, लेणी, वाटेतली देवळं, नदीचे घाट, असा तीन आठवड्यांचा फेरा आहे. एक बस आणि एक गाइड. मॅनेजर स्वतः सोबत असतील आणि परत आल्यावर तेच सांगतील की या मुलीला कायम करायचं की नाही.

तुला सांगते, या कामाकडे लोक नुसतं माइक धरून बडबडणं म्हणून बघतात. मला तसं वाटत नाही. माणसं आयुष्यात एकदाच अशा जागी येतात. त्यांना आपण काहीतरी ऐकीव सांगून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. मी सगळी पुस्तकं पुन्हा काढली आहेत. जे ठाऊक आहे ते सांगायचं, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायचं, असं ठरवलं आहे.

आणखी एक गोष्ट मी मॅनेजरांकडून मान्य करून घेतली. दर सहलीत पुढच्या जागा अडवणारे तेच ते लोक असतात, आणि मागच्यांना धड ऐकूही येत नाही. म्हणून माझ्या बसमध्ये रोज सकाळी प्रत्येकाने एक रांग मागे सरकायचं आणि शेवटच्या रांगेने पहिल्या रांगेत यायचं. मॅनेजर म्हणाले, "कटकट होईल." मी म्हटलं, "होऊ दे, पण न्याय होईल." ते हसले. कसे हसले ते कळलं नाही.

कंपनीचा एक नियम मात्र आधीपासूनचा आहे. गाइडचा नातेवाईक त्याच्या बसमध्ये चालत नाही. पूर्वी कोणीतरी आपल्या काकाला सगळी सहलभर पहिल्या सीटवर बसवलं, त्यावरून भांडणं झाली. मला हा नियम आवडला.

मुक्कामाचे पत्ते खाली देते आहे, पत्र तिथे टाक. लॉजवर फोन असतो, पण तो मॅनेजरांच्या कानाशी. आणि तसंही आई हल्ली फोन आला की लगेच तुझ्या हातात देते. माझ्यावर रागावली आहे का? हे पत्र तिला वाचून दाखव.

तुझी धाकटी

१० जानेवारी

भोंगाबाई,

हो, कायम झालीस तरी हेच म्हणणार. पाळण्यात होतीस तेव्हा आपल्या गाळ्यातली तिन्ही शिलाई मशिनं एकदम चालू असताना तुझं रडणं रस्त्याच्या टोकाला ऐकू जायचं. आईने ठेवलेलं नाव आहे, पदवीच्या कागदावर नाही म्हणून पुसलं जात नाही.

पत्र वाचून दाखवलं. दोनदा. आईने नातेवाइकांच्या नियमापाशी मला थांबवलं आणि तो भाग तिसऱ्यांदा वाचायला लावला. मग म्हणाली, "शहाणी आहे." कोण शहाणं ते बोलली नाही. रागावलेली अजिबात नाही, डोक्यात काही घेऊ नकोस.

गणवेशांचं काम संपत आलंय. काज-बटणं राहिली आहेत, ती मी करते. आईने सुट्टी जाहीर केली आहे. मला वाटतं माहेरी जाऊन मामाशी चाललेला अबोला सोडणार असेल. बॅग भरताना गुणगुणत होती, फार मोठ्याने. शेजारीण डोकावून गेली.

तुझं ते रांगा सरकवणं वाचून मी हसले. लहानपणी खाऊच्या वाटण्या करायचीस तशीच आहेस अजून. सगळ्यांना सारखं देऊन झालं की शेवटी स्वतःला कमी, आणि वर आमच्याकडे असं बघायचीस की आम्हाला आमचा घास गोड लागू नये.

नीट बोल. दमात बोल. श्वास घे मधे.

ताई

१९ जानेवारी

ताई,

मामाशी अबोला सोडायला गेली ना आई? छान. मग माझ्या बसमध्ये तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेली बाई कोण आहे?

पहिल्या दिवशी मी दाराशी उभी राहून एकेकाचं नाव विचारत होते. आई आली. नवी साडी, हातात आपली काळी बॅग. माहेरचं नाव सांगितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम. तुमचं फार ऐकून आहे." मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते. मी काय करायला हवं होतं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. तिथेच सांगायचं होतं. पण बस सुटायला आली होती, आणि तिचा चेहरा असा होता की मी म्हटलं, "बसून घ्या."

तेव्हापासून मी खोटी गाइड आहे. खरं सांगेन, ऐकीव सांगणार नाही, असं म्हणणारी मी.

तुला हे ठाऊक होतं. शपथ घातली असेल तिने, पण तू मला शब्दानेही सुचवलं नाहीस याचं वाईट वाटलं.

आणि ती एवढ्यावर थांबत नाही. पहिल्या स्तूपापाशी मी प्रदक्षिणेचा मार्ग समजावून सांगितला. सगळ्यांना समजला. आई हात वर करून, "मॅडम, पुन्हा एकदा." मी पुन्हा सांगितलं. देवळाच्या सभामंडपात पुन्हा तेच. "मॅडम, ते शेवटचं राहिलं." माझी परीक्षा घेते आहे असं वाटतं. दहावीला तोंडीच्या आधी अशीच समोर बसून म्हणायची, पुन्हा सांग, पुन्हा सांग. तेव्हा तिला त्यातलं काही कळत नसायचं, पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं.

मी ठरवलं आहे. तिला बाकीच्यांसारखंच वागवायचं. किंचितही जास्त नाही. म्हणजे निदान एका बाजूने तरी मी सरळ राहीन.

तुझी धाकटी

२४ जानेवारी

भोंगा,

रागावलीस ते बरोबर आहे. मला सांगायचं होतं, पण आईने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. आता तू तिथे आणि मी इथे, मधल्या मधे मी चेपले जाते आहे.

ती तुझी परीक्षा घ्यायला आलेली नाही एवढं धरून चाल. जायच्या आधी मी तिला म्हटलं, कशाला जातेस, पोरीची पंचाईत होईल. तर म्हणाली, "लोक तिकीट काढून तिचं बोलणं ऐकतात. मला ती घरात असताना फुकट ऐकायला मिळत होतं, तेव्हा मी मशीनवर वाकलेली. आता मी तिकीट काढणार."

एक ऐक माझं. तिला पुढे बसव. काहीही कारण सांग, गाडी लागते म्हण. ती स्वतः मागणार नाही. आणि तिच्याशी बोलशील तेव्हा समोर उभी राहून बोल, चालता चालता नको.

जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही म्हण.

ताई

२९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं आणि मी ते दोनदा वाचलं, कारण हे तू लिहिलं आहेस यावर विश्वास बसेना. तिला पुढे बसव. काहीही कारण सांग. ताई, त्या काकाची गोष्ट मी तुला लिहिली होती ना? तोही कोणाचातरी प्रेमाचाच माणूस असणार.

उलट झालं आहे ते सांगते. रांगा सरकत सरकत आई शेवटच्या रांगेत पोचली. दुसऱ्या दिवशी तिने पुढे यायचं. नेमकं त्याच सकाळी एका बाईंचा गुडघा सुजला आणि मॅनेजर म्हणाले, यांना पुढची जागा द्या. म्हणजे कोणीतरी एकाने मागेच राहायला हवं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आईला म्हटलं, "बाई, तुम्ही थांबाल का?" ती हसून मान हलवून तिथेच बसली. आपल्याच माणसाचा हक्क कापला की कोणाची तक्रार येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर ती मागेच आहे. मी बदललं नाही. आता बदललं तर कोणाला शंका येईल.

पण मागे बसून ती गप्प असती तर ठीक होतं.

तिच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात, स्वतःची पुढची पाळी सोडून. दोन दिवस मी बघत होते, मी माइकवर बोलायला लागले की मागून हसण्याचा आवाज येतो. अगदी माझ्या गंभीर वाक्यांना. शेवटी काल लेण्यात मी हळूच मागे जाऊन उभी राहिले. तर आई शेवटच्या दोन रांगांना शिल्पं समजावून सांगत होती. ताई, एक अक्षर खरं नाही त्यातलं.

शेषावर पहुडलेले विष्णू आहेत, पायाशी लक्ष्मी. आई म्हणाली, "मॅडम सांगताहेत की हा दिवसभर काही न करता आडवा आहे, आणि ही सकाळपासून उभी. आता पाय कोणाचे दुखायला हवेत आणि चेपतंय कोण, बघा." शंकर-पार्वती सारीपाट खेळतात तिथे, "ती म्हणते, हरलास, आता उठ आणि भांडी घास. तो म्हणतो, आणखी एक डाव." पोस्टमास्तर डोळे पुसत होते हसून. आणि प्रत्येक गोष्टीच्या आधी "मॅडम सांगताहेत". माझ्या नावावर खपवते आहे सगळं. आज नाश्त्याला एका गृहस्थांनी मला विचारलं, "ते भांडी घासण्याचं कुठल्या ग्रंथात आहे हो मॅडम?" मॅनेजर तिथेच होते. चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

माझ्या बसमध्ये शेवटच्या रांगेत एक वेगळीच सहल चालू आहे, आणि तिला गर्दी जास्त आहे.

काल संध्याकाळी घाटावर सगळे पाण्यात पाय सोडून बसले होते. मी तिला एका बाजूला गाठलं. भरभर बोलले, कोणी बघू नये म्हणून नदीकडे तोंड करून. म्हटलं, आई, मी काय सांगते ते तू ऐकतच नाहीस. मी एवढा अभ्यास करून येते आणि तू त्याची थट्टा करतेस. माझी नोकरी जाईल. ती म्हणाली, "बरं." मी म्हटलं, "उद्यापासून नाही ना करणार?" ती म्हणाली, "बरं बरं," आणि माझ्या पदराला लागलेली वाळू झटकली. आणि आज पुन्हा तेच. तेच!

मला रडू आलं, ताई. रागाने आलं की कशाने ते माहीत नाही. घरातली पहिली शिकलेली म्हणून सगळीकडे सांगत असते माझं. आणि शिकून मी जे बोलते, ते ऐकून घेण्याचीही तिला गरज वाटत नाही.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

भोंगा,

शपथ मोडते आहे. आईच्या डोक्यावर ठेवलेला हात माझा होता, जे काय व्हायचं ते मला होऊ दे.

तिला ऐकू येत नाही.

डावा कान गेल्यातच जमा आहे. उजव्याने येतं थोडं, तेही तोंड समोर असेल तर. आयुष्यभर ओव्हरलॉकच्या मशीनशेजारी बसली, त्याचंच हे, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र बसवू, म्हणाले, पण राहिलंय तेही कमी होत जाणार. हे सगळं गेल्या पावसाळ्यापासून चाललंय. तुला कळू द्यायचं नाही ही तिची एकच अट. म्हणाली, "ती लगेच सगळं सोडून इथे येऊन बसेल आणि मला न्याय देत बसेल." तुला ओळखते ती.

फोन माझ्या हातात का देते, ते आता कळलं? सगळं पुन्हा पुन्हा का विचारायची तेही.

तिला उरलेल्या कानात तुझा आवाज भरून घ्यायचा होता. मी नाही म्हणू शकले नाही. बसमध्ये पुढे बसायला मिळेल, तुझं तोंड दिसेल, असं ती धरून चालली होती. तुझं रांगांचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, तरी म्हणाली, मागून पुढेही येणारच की कधीतरी.

मागे बसून ती खोटं का सांगते असं तुला वाटतं? मला काय वाटतं ते सांगते. सगळे हसतात तेव्हा तिला हसायचं कारण माहीत नसतं. सगळे ऐकतात तेव्हा एकटीच काय करणार? शेजाऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या मॅडम, तर काय सांगणार? मग जे समोर दिसतं त्यावरून रचते. घरीही करते असं. गेल्या महिन्यात गिऱ्हाईक बाहीचं माप सांगत होतं आणि आई त्याला त्याच्या सुनेचं काय झालं असेल ते सांगत होती. मी मधे पडले म्हणून निभावलं.

घाटावर तू नदीकडे तोंड करून जे बोललीस, त्यातलं तिच्यापर्यंत काहीच पोचलं नसणार.

तुझा राग करत नाही. तुला कुठून कळणार? आम्ही दोघींनी मिळून तुला अंधारात ठेवलं. पण आता कळलं आहे.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र शेवटच्या मुक्कामावर मिळालं. लॉजच्या जिन्यात उभी राहून वाचलं. खाली सगळे बसमध्ये चढत होते. खिडकीतून आई दिसत होती, शेवटच्या रांगेत, पोस्टमास्तरांना काहीतरी सांगत.

शेवटचं ठिकाण म्हणजे डोंगरावरचा जुना विहार. आत मोठी भिंत आहे, तिच्यावर एकच दृश्य कोरलं आहे. माणसांची गर्दी, स्त्रिया, पुरुष, हरणंसुद्धा, सगळे एका बाजूला तोंड करून ऐकताहेत. आणि ज्याचं ऐकताहेत तिथे फक्त एक आसन आहे. रिकामं. मॅनेजरांनी आधीच सांगितलं होतं, की इथे तुम्ही कशा बोलता ते मी बघणार आहे, बाकी सगळं मी लिहून ठेवलंय.

मी भिंतीपाशी उभी राहिले. नेहमीसारखे पुढचे पुढे, मागचे मागे. आई आणि पोस्टमास्तर अगदी मागे दाराशी दगडी बाकावर. मी पहिलं वाक्य बोलले. मागून आईचा आवाज आला, तिला वाटत होतं की ती कुजबुजते आहे, पण सगळ्यांना ऐकू आलं. "मॅडम सांगताहेत, गुरुजी मघाशीच उठून गेलेत. मागे बसलेल्यांना अजून पत्ता नाही."

सगळे हसले. मॅनेजर नाही हसले. आणि ताई, मला पहिल्यांदा दिसलं की ती हसत नव्हती. ती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि मी फार लांब होते.

मी चालत मागे गेले. म्हटलं, "मंडळी, जरा इकडे वळा. आज शेवटची रांग पहिली." लोक वळले. मग मी म्हटलं, "या माझ्या आई आहेत. मी पहिल्या दिवसापासून लपवलं. आणि कोणी मला बोल लावू नये म्हणून त्यांच्या वाट्याची पुढची जागा मी त्यांना दिली नाही. तो न्याय नव्हता, ती माझी भीती होती." कानाचं बोलले नाही. ते तिचं आहे, तिला सांगायचं तर ती सांगेल.

तिला शब्द कळले नसतील. पण लोकांच्या माना माझ्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे फिरल्या, आणि मॅनेजर पुढे आले, एवढ्यावरून तिने ओळखलं. ती उभी राहिली. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मॅडमचा काहीतरी घोटाळा होतोय. मला एकच मुलगी. ती घरी शिवणकाम करते. या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. चांगल्या शिकवतात, त्यांना कायम करा."

ताई, तुझ्यासमोर कोणी असं कधी तुला नाकारलं तर तुला कळेल.

पोस्टमास्तर उठले. बाकावरची आपली टोपी घेतली आणि बाकीच्यांत जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या जागी बसले, आईच्या उजव्या बाजूला, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन आसनाची गोष्ट सांगायला लागले. आवाज लावला. कॉलेजात शिकलेला नाही, पाळण्यातला. तो सगळ्या विहारभर घुमला. कोणाला जवळ यावंच लागलं नाही.

पहारेकरी धावत आला. "हळू बोला, हळू बोला." आईने मला विचारलं, "काय म्हणतो तो?"

मी म्हटलं, "हळू बोला म्हणतो."

"मग बोल की हळू. मला ऐकू येतंय."

मी हळू बोलले. तिने माझ्या तोंडावरची नजर काढली नाही. मधे मधे मान हलवत होती, अगदी बरोबर ठिकाणी.

परत येताना मॅनेजरांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी त्यांना दुसऱ्या गाइडच्या पुढच्या सहलीत बसवलं असतं. एवढंच होतं." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "नियम मी मोडू शकत नाही. या वेळी कायम नाही. पुढच्या हंगामात पुन्हा उमेदवारी करायची असेल तर या." मी म्हटलं, येईन. मी त्यांच्या जागी असते तरी हेच केलं असतं, हे त्यांना सांगितलं नाही. पण त्यांना ते कळलं असावं असं वाटतं, कारण ते त्या दिवशीसारखेच हसले. आज कळलं कसे हसतात ते, न्याय शेवटी आपल्यालाच महाग पडतो हे ठाऊक असल्यासारखे.

आई उद्या गाडीने निघेल. मी ऑफिसचं काम संपवून मागून येते. तिला स्टेशनवर घ्यायला जाशील तेव्हा मागून हाक मारू नकोस. समोर जा.

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

भोंगा,

या कागदावर वर मी, खाली आई. तिला स्वतःच्या हाताने लिहायचं आहे, मला खोलीतून बाहेर काढलं आहे. तिन्ही मशिनं बंद आहेत म्हणून घर ओळखू येत नाही. ती मला अजून बोललेली नाही की शपथ का मोडलीस. फक्त काल माझं ताट वाढताना म्हणाली, "हात दाखव तुझा." बघितला आणि सोडला.

ताई

गाइड मॅडम यांस,

मी तुमच्या बसमधली शेवटच्या सीटवरची बाई. मुलगी आत नाही म्हणून लिहिते. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणाला, हळूहळू सवय होईल. भांड्यांचा आवाज फार येतो. माणसांचा कमी. तुझी ताई आदळआपट करते हे मला आजवर माहीत नव्हतं.

तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. ताई म्हणते गेली नाही, लांबली. मी तिथे म्हणाले की तू माझी नाहीस, ते मनाला लावून घेऊ नकोस. मला वाटलं तेवढ्याने निभेल. निभलं नाही. परत तशी वेळ आली तर परत म्हणेन.

पोस्टमास्तरांचं पत्र आलं होतं. त्यांना माझ्या गोष्टी आवडल्या. पण त्या मी रचल्या होत्या. बघून जेवढं समजलं तेवढं. हसायला ठीक होतं.

आता खरं सांगते. त्या डोंगरावर तू माझ्या कानाशी बोललीस ते मला कळलं नाही. नुसतं घुमत होतं. तुझा आवाज आहे एवढं कळलं, आणि ते पुष्कळ झालं तेव्हा. मान हलवली कारण तू खूश होत होतीस. पण घरी आल्यापासून ते आसन डोळ्यांसमोर येतं. एवढी माणसं ऐकताहेत आणि समोर कोणी नाही. मी गुरुजी उठून गेले म्हणाले ते खोटं आहे, एवढं मला कळतं. तू काय सांगत होतीस ते लिही. तू अभ्यास केला आहेस, मला ते खरं काय आहे ते पाहिजे. मोठ्या अक्षरात लिही, डोळे चांगले आहेत तरी.

आई

२७ फेब्रुवारी

आई,

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. घरी यायला अजून आठवडा आहे, तोपर्यंत थांबवत नाही.

फार जुन्या काळी बुद्धांची मूर्ती कोरत नसत. ते आहेत असं दाखवायचं असेल तिथे पावलं कोरायची, किंवा झाड, किंवा रिकामं आसन. का, यावर शिकलेल्या लोकांचं एकमत नाही. काही म्हणतात, ज्याला कशाचं बंधन उरलं नाही त्याला चेहऱ्यात कसं बांधायचं, म्हणून. काही म्हणतात, तसं नाही, कारण वेगळं आहे. मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायचं असं मी ठरवलं आहे.

म्हणजे गुरुजी उठून गेलेले नाहीत. ते तिथेच आहेत आणि बोलताहेत. आपल्याला दिसत नाहीत आणि ऐकू येत नाहीत, एवढंच. तरी ते काय बोलत असतील ते थोडं कळतं, कारण कारागिराने सगळी मेहनत ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर घेतली आहे. कोणी मान तिरकी केली आहे. कोणी मांडीवरचं पोर गप्प केलं आहे. एका हरणाचे कान उभे आहेत. मी त्या भिंतीसमोर एवढ्या वेळा उभी राहिले, पण दर वेळी आसनाबद्दल बोलले. चेहरे मी नीट पाहिले ते त्या दिवशी बाकावर बसून, तिथून ते समोर येतात.

आणि आई, शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, एक बाई आहे. सगळे समोर बघतात, ती बघत नाही. ती शेजारणीकडे वळून काहीतरी सांगते आहे. तिच्याबद्दल मी कधीच काही सांगितलं नाही, कारण कुठल्याही पुस्तकात तिच्याबद्दल एक ओळही नाही. पुढच्या हंगामात मी तिच्यापासून सुरुवात करणार आहे. ती काय सांगते आहे हे मला माहीत नाही असं लोकांना आधी सांगेन, आणि मग म्हणेन, की माझ्या आईला काय वाटतं ते ऐका.

तेवढं लिहून पाठव.

तुझी भोंगा